मागे कोणीतरी आहे

थेंब ज्वारीच्या दाण्याएवढा होता. गाडीच्या मागच्या बंपरवर शर्टाच्या गुंडीएवढ्या चार काळ्या चकत्या बसवलेल्या होत्या आणि त्यांतल्या डावीकडून दुसऱ्या चकतीच्या खालच्या कडेला तो लोंबत होता. पडत नव्हता. वरून पावसाचं पाणी येऊन त्याला मिळे, तो जरा फुगे, थरथरे, निम्मा गळून जाई आणि उरलेला पुन्हा तिथेच राही. अलोयसियस किवुम्बी छत्रीची दांडी मानेत धरून, उकिडवे बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. आत गाडी एकसारखी किंचाळत होती.

त्या चकत्यांचं काम तसं साधं. गाडी मागे घेताना त्या माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडायच्या आणि तो कशावर तरी आपटून परत आला की आत पीं-पीं वाजायचं. वस्तू जवळ येईल तशी पीं-पीं लगबगीने, आणि वस्तू टेकायला आली की मध्ये श्वास न घेता. उन्हाळ्यात यंत्र चोख वागे. पाऊस सुरू झाला की मात्र गाडी मागे घ्यायचा नुसता विचार करायचा अवकाश, यंत्र ठणाणा करू लागे : मागे कोणीतरी आहे, अगदी पाठीशी आहे! किवुम्बी उतरून बघत. मागे कोणी नसे. कोणी नसणार हे त्यांना न उतरताही ठाऊक असे. तरी ते दर वेळी उतरत.

एखाद्या दुसऱ्या गृहस्थाने कान बंद करून घेतले असते. पण किवुम्बी सरकारी वजन-मापं खात्यात निरीक्षक होते. कंपालातल्या कितीतरी बाजारांतले तराजू, पेट्रोल पंपांचे काटे आणि कापडवाल्यांच्या गजपट्ट्या त्यांच्या नजरेखालून जात. त्यांनी नुसतं दुकानात पाऊल टाकलं तरी टोमॅटोचे ढीग आपोआप मोठे होत. अशा माणसाच्या स्वतःच्या फाटकात एक मोजयंत्र रोज धडधडीत खोटं बोलत होतं आणि ते सगळ्या मुटुंडवे टेकडीला ऐकू जात होतं.

"साहेब, तुमच्या यंत्रावर शिक्का मारायचा राहिला वाटतं?" शेजारचे ओपियो कुंपणावरून म्हणाले. ओपियो विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि दुसऱ्याच्या नुकसानीकडे मन लावून बघायची त्यांची सवय अजून गेली नव्हती.

"पावसाचा परिणाम आहे," किवुम्बी म्हणाले.

"पाऊस नालुबेगाबाई असतानाही पडायचाच की."

यावर किवुम्बींनी छत्री मिटली, भिजले, आणि पुन्हा उघडली.

नालुबेगा म्हणजे किवुम्बींची बायको. यंत्र येण्याआधी यंत्राचं काम ती करत असे. त्यांची गल्ली चढाची, फाटक अरुंद, आणि आत वळल्यावर उजव्या हाताला विटांवर ठेवलेलं पावसाच्या पाण्याचं पिंप. किवुम्बी गाडी मागे घेत येत आणि नालुबेगा मागे उभी राहून सांगे, "येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडे... येऊ द्या..." आणि मग डिकीवर सपाट हाताने दोन थापा. "बस्स!" पाऊस असला तर डोक्यावर केळीचं पान धरून. छत्री घरात होती, पण छत्रीने एक हात अडकतो असं तिचं म्हणणं. केळीच्या पानानेही अडकतोच, हे किवुम्बींनी तिला अनेकदा दाखवून दिलं होतं.

पिंप आणि गाडी यांच्यात दर वेळी हातभर जागा उरायची. नालुबेगाचं 'बस्स' नेहमी हातभर लवकर यायचं. पेट्रोल पंपावर चमचाभर कमी भरलं तर पंप बंद करणाऱ्या माणसाने हे किती वर्षं सोसावं? एका ओल्या संध्याकाळी त्यांनी थापा ऐकल्या आणि ती हातभर जागाही वापरून टाकली. पिंपाखालच्या विटा पावसाने खचल्या होत्या आणि पिंप नेमकं तेवढंच पुढे कललेलं होतं. ते घरंगळत फाटकाबाहेर गेलं, उतारावर त्याला वेग आला आणि खाली तेओपिस्ताबाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्याशी जाऊन थांबलं. लोक जमले. कोणीतरी मोठ्याने हसलं. किवुम्बींनी अशा वेळी पिंपाकडे बघायला हवं होतं, निदान कोंबड्यांकडे. त्यांनी ऑफिसच्या पिशवीतून मोजपट्टी काढली आणि सगळ्यांदेखत बायकोच्या 'बस्स'पासून पिंपाच्या जागेपर्यंतचं अंतर मोजलं.

"हातभर चूक आहे," ते म्हणाले. "यापेक्षा यंत्र बरं."

यंत्र लगेच आलं. बंपरला भोकं पाडली जात असताना नालुबेगा ओसरीवर उभी राहून बघत होती. मग ती कालुंगूला माहेरी गेली, कॉफीच्या तोडणीला मदत करायला. तोडणी संपली. पुढची तोडणी आली.

आता बायको रुसून माहेरी गेली तर काय करायचं याचा त्यांच्याकडे सरळ रिवाज आहे. नवऱ्याने स्वतः सासुरवाडीला जायचं, तिच्या आत्यासमोर खाली बसायचं, कशासाठी आलो ते स्वच्छ शब्दांत सांगायचं, चार बोल ऐकून घ्यायचे आणि बायकोला घेऊन यायचं. किवुम्बींना हे माहीत होतं. पण त्यासाठी ती रुसून गेली आहे हे मान्य करावं लागतं. म्हणून ते विचारणाऱ्याला कॉफीचं सांगत.

"एवढी कॉफी जर कालुंगूत पिकत असेल," ओपियो म्हणाले होते, "तर जगात कोणाला झोपच यायला नको."

दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर किवुम्बी फोन करत.

"पाऊस?" नालुबेगा विचारे.

"आहे. तिकडे?"

"आहे."

"मग कॉफी वाळत नसेल."

"नाही वाळत." थोडा वेळ दोन्हीकडचा पाऊस ऐकू येई. "गाडी?"

"उत्तम," किवुम्बी सांगत आणि फोन ठेवल्यावर तिची रिकामी खुर्ची अर्धा हात पुढे, अर्धा हात मागे सरकवून तिथेच ठेवत.

ओपियोंनी सुचवलं, चकत्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. बांधल्या. आता यंत्राला पाऊस दिसेना, पिशव्या दिसू लागल्या, आणि ते कोरड्या हवेतही ओरडू लागलं. तेओपिस्ताबाईंनी सुचवलं, लोणी चोळा, पाणी ठरणार नाही. चोळलं. पाणी ठरलं नाही, पण गल्लीतली दोन कुत्री ठरली, आणि त्या दिवशी यंत्र पहिल्यांदाच खरं बोललं. किवुम्बींचा त्यावर विश्वास बसला नाही. थोडक्यात वाचली कुत्री.

"मी सांगू का, साहेब?" तेओपिस्ताबाई म्हणाल्या. "गाडीला वाटतंय मागे बाई उभ्या आहेत. तिचं काय चुकलं? तिला सवय आहे."

"ही गाडी जपानहून वापरलेली आली आहे, बाई. तिला असं काही वाटत नाही."

"मग तिथेही कोणीतरी उभी राहत असेल."

किवुम्बी चकत्यांवरचं लोणी पुसू लागले.

शेवटी ते मेकॅनिककडे गेले. जुळ्यांचा बाप म्हणून त्याला सगळे मानाने सालोंगो म्हणत. सालोंगोने गाडीखाली डोकं घालून सांगितलं, "साहेब, दोन वायरी तोडतो. कायमची शांतता."

"नको."

"अहो, चालतंय कुठे नाही तरी?"

"काढायचं नाही. दुरुस्त कर."

"का पण?"

यंत्र काढलं तर रविवारी फोनवर 'गाडी?' असं विचारल्यावर काय सांगायचं, हे सालोंगोला सांगण्यासारखं नव्हतं. सालोंगोने खांदे उडवले, बरंच काही उसवलं, बरंच काही जोडलं आणि हात पुसत म्हणाला, "आता बघा."

आता गाडी पावसात पुढे जातानाही ओरडू लागली. शिवाय मागे जाण्याचे पांढरे दिवे पुढे जाताना लागू लागले. असे ते मोठ्या चौकात पोचले आणि पांढऱ्या गणवेशातल्या पोलीसबाईने हात आडवा केला.

"मागे चाललात का पुढे?"

"पुढे."

"दिवे मागे जायचे लागलेत."

"पावसामुळे."

"पाऊस माझ्याही अंगावर पडतोय. मी जातेय का मागे?"

किवुम्बींनी आपलं सरकारी ओळखपत्र दाखवलं. ते बघून तिचा चेहरा आणखी कडक झाला. तिच्या आईचं बटाट्याचं दुकान होतं. पुढे जाताना मागे जायचे दिवे लागणं हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो ते तिला आठवेना, म्हणून तिने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ रेनकोट घालून सावकाश आले. तोवर किवुम्बींच्या मागे मोटरसायकली, टॅक्सी-व्हॅन, कोंबड्यांचा एक टेम्पो आणि एक लग्नाची वरात एवढं जमा झालं होतं आणि सगळ्यांचे भोंगे वाजत होते. गाडी त्या सगळ्यांच्या वरच्या पट्टीत.

"ही का ओरडतेय?" वरिष्ठांनी विचारलं.

"हिला वाटतं मागे कोणीतरी आहे."

वरिष्ठांनी वाकून मागे नजर टाकली. "मग बरोबरच वाटतंय की," ते म्हणाले. "जा. आणि घरी मॅडमना सांगा मागे लक्ष ठेवायला."

"मॅडम कालुंगूला आहेत. कॉफीच्या तोडणीला."

"एवढ्या पावसात?" पोलीसबाई म्हणाली. ती त्याच बाजूची निघाली. तिने किवुम्बींकडे नीट पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "जा साहेब. हळू जा."

ती कणव किवुम्बींना दंडापेक्षा जास्त लागली.

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी कालुंगूजवळच्या मसाकाचा एक टॅक्सीवाला फाटकाशी थांबला आणि केळीच्या पानात बांधलेलं एक पुडकं देऊन गेला. किवुम्बींनी ते फाटकातच उघडलं. आत तळलेले नाकतोडे होते. पावसाळ्यात त्यांचे थवे उतरतात. मसाकाच्या बाजूला तर आकाश हिरवं होतं. पाय आणि पंख एकेक करून खुडलेले, कांद्यावर परतलेले, मीठ जरा जास्त. मीठ नेहमीच जरा जास्त असे. किवुम्बींनी एक तोंडात टाकला, मग मूठभर. पाऊस पडत होता, गाडी बंद होती, आणि ते फाटकात उभे राहून शेवटच्या तुकड्यापर्यंत खात राहिले. मग पानाला लागलेला कांदाही.

"खाल्लेत?" उतारावरून तेओपिस्ताबाई ओरडल्या.

किवुम्बींनी घास गिळला. "चव घेतली."

"पान रिकामं दिसतंय." त्या कंबरेवर हात ठेवून वर आल्या. "ओपियो! ओ ओपियो! साहेबांनी नाकतोडे खाल्ले!"

ओपियो चपला न घालता कुंपणाशी आले. कारण रिवाज एवढाच सरळ होता. बायकोने नाकतोडे वेचायचे, खुडायचे, तळायचे, खायचे नवऱ्याने. आणि ज्या नवऱ्याने खाल्ले त्याने बायकोला नवी गोमेसी नेऊन द्यायची, उंच खांद्यांची, पायघोळ, कमरेला रुंद पट्ट्याची. स्वतःच्या हातांनी. टॅक्सीवाल्याबरोबर पाठवून चालत नाही.

"बाईंनी बरोबर मापात पकडलंय," ओपियो म्हणाले. "हातभरही चूक नाही."

कापडाच्या दुकानात बाई ओळखीची निघाली. तिची गजपट्टी आखूड म्हणून किवुम्बींनीच जप्त केली होती. तिने एकामागून एक गोमेसी पसरल्या. किवुम्बींनी पिवळी निवडली, मग वाटलं पिवळी तिच्याकडे आहे, मग आठवेना की आहे का होती.

"उंची?" बाईने विचारलं.

शहरातल्या प्रत्येक पिंपाचं, पंपाचं आणि पट्टीचं माप त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी हात आडवा करून आपल्या गळ्याखालच्या हाडाशी धरला. "इथपर्यंत येते," ते म्हणाले. मग हात जरा खाली घेतला, पुन्हा वर. आणि तो तसाच हवेत राहिला, जणू त्याच्याखाली कोणी उभं होतं आणि काढला तर ते जाईल.

बाईने टोमणा तयार ठेवला होता. तो तिने गिळला. "असू द्या साहेब," ती म्हणाली. "हातभर इकडे-तिकडे झालं तर पट्ट्यात बसतं. गोमेसी आहे ती, तराजू नाही."

ते निळी घेऊन निघाले.

कालुंगूपर्यंत पाऊस होता आणि कालुंगूपर्यंत गाडी ओरडली. वाटेत विषुववृत्ताची रेघ लागते. तिथे दोन्ही अंगांना भांड्यातलं पाणी उलटसुलट फिरवून दाखवणारी माणसं असतात; पावसामुळे ती आडोशाला बसली होती. किवुम्बींना त्या प्रयोगावर तीव्र आक्षेप होता. पाणी कसं ओततो त्यावर ते फिरतं, रेघेचा त्यात काही संबंध नाही, हे त्यांनी दर प्रवासात नालुबेगाला समजावलं होतं. तिने दर प्रवासात थांबून तो प्रयोग पाहिला होता. "माहीत आहे हो," ती म्हणे. "पण बघायला छान वाटतं." किवुम्बी रेघेशी थांबले. आडोशातला माणूस भांडं घेऊन उठला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, मग म्हणाले, "दाखव," आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून, भिजत, शेवटपर्यंत पाहिलं.

सासुरवाडीची वाट केळीच्या बागेतून जाते आणि ती लाल चिखलाची होती. गाडी ओरडत अंगणात शिरली, घसरली आणि तिरकी होऊन थांबली, तोंड गोठ्याकडे, पाठ पाणी जायला खणलेल्या चराकडे. घरातून एकच धावपळ ऐकू आली. जावई आला की सासूने त्याच्या नजरेस पडायचं नसतं, आणि म्हातारी नेमकी अंगणात कॉफीच्या बिया गोळा करत होती. ती टोपली टाकून आत पळाली.

नालुबेगाची आत्या ओसरीवर चटईवर बसली होती. ती खूश झाली. "किती रीतभात असलेली गाडी!" ती म्हणाली. "सासूबाईंना वर्दी देत येते. तुम्ही शिकवलंत, जावईबापू?"

गाडी सरळ करायला मागे घ्यावी लागणार होती. किवुम्बींनी गिअर टाकला. यंत्र आता आणखी वरच्या पट्टीत गेलं. मागे कोणीतरी आहे, मागे कोणीतरी आहे! ते ऐकायची किवुम्बींना सवय नव्हती. न ऐकायची होती. त्यांनी पाय हलका केला, गाडी मागे सरकू लागली, आणि सवयीनेच त्यांनी आरशात पाहिलं.

मागे केळीचं पान होतं. पानाखाली नालुबेगा होती.

तिचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. यंत्र मध्ये श्वास घेत नव्हतं. पण ओठ वाचायची गरज नव्हती. येऊ द्या. येऊ द्या. जरा डावीकडे. किवुम्बी मागे येत राहिले. मग डिकीवर दोन थापा पडल्या, सपाट हाताच्या, आणि त्या कानांनी नव्हे, पाठीने ऐकू आल्या. त्यांनी जागच्या जागी ब्रेक दाबला.

उतरून त्यांनी पाहिलं. चाक आणि चर यांच्यात हातभर जमीन होती, आणि त्या हातभर जमिनीची कड पाण्याने ओली होऊन हळूहळू चरात गळत होती. मोजपट्टी खिशात होती. त्यांनी खिशाला हात लावला नाही.

गाडी बंद करायची सोय नव्हती. त्या चिखलात पुन्हा सुरू झाली असती याची खात्री कोण देणार? ती ओरडत राहिली. किवुम्बी गोमेसीचं पुडकं छातीशी धरून ओसरीपुढे आले आणि रिवाजाप्रमाणे खाली बसले. नालुबेगा खांबाशी उभी राहिली, पान अजून डोक्यावर.

"काय आणलंत?" आत्याबाई ओरडल्या.

"गोमेसी!"

"ती दिसतेय! नाकतोडे तिने पाठवले, ते खाल्लेत, गोमेसी आणलीत, झालं! फिटंफाट! तेवढ्यासाठीच आलात?"

किवुम्बी म्हणाले, "नाही."

"काय? ऐकू येत नाही!"

"पाऊस कसा आहे बघायला आलो!"

"पाऊस?" आत्याबाईंनी हात कानामागे धरला. "तो तुमच्या डोक्यावर आहे की!"

"आणि कॉफी!"

"काय फी?"

नालुबेगाने मान दुसरीकडे वळवली. ती हसू दाबत होती का अजून काही, ते किवुम्बींना तिथून दिसेना. "अहो," ती म्हणाली, किंवा तिचे ओठ म्हणाले. "भिजताय."

आत्याबाई पुढे झुकल्या. "जावईबापू, मी म्हातारी आहे आणि तुमची गाडी वेडी आहे. एकदाच विचारते. कशासाठी आलात?"

किवुम्बींनी गाडीकडे पाहिलं. बंपरवरच्या डावीकडून दुसऱ्या चकतीवर थेंब होता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि यंत्राच्या वर आवाज काढायला तोंड उघडलं. नेमक्या त्याच क्षणी सालोंगोच्या जोडणीत काहीतरी शेवटचं तुटलं. इंजिनाने एक आचका दिला, यंत्राचा आवाज मध्येच कापला गेला, आणि अंगणात, गोठ्यात, केळीच्या बागेत आणि दाराआड उभ्या असलेल्या सासूबाईंपर्यंत फक्त किवुम्बींचा आवाज पोचला :

"यंत्र मी काढून टाकतोय, नालुबेगा! मला मागे तू उभी हवीस! घरी चल!"